बोटं हलव, फुंकू नको

सरांचा हात माझ्या बासरीकडे आला होता. अर्ध्यावर आला आणि थांबला.

"घर खंय तुझं?"

मी वाड्याचं नाव सांगितलं. पेडण्यात आमच्या वाड्याचं नाव घेतलं की जात वेगळी सांगावी लागत नाही. सुपं-टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती.

हात मागे गेला. पण रिकामा कसा जाणार? जाता जाता त्यानं मेजावरचा चहाचा कप उचलला. कपात चहा नव्हता. सरांनी रिकामा कप तोंडाला लावला, घोट घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तू वाजव. मी ऐकून सांगतो."

क्लासचा माझा पहिला दिवस. माझ्या आधी ओळीत बसलेल्या सगळ्यांच्या बासऱ्या सरांनी तोंडाला लावून बघितल्या होत्या. बासरीचं तसंच असतं. सूर वाकडा आला तर दोष बांबूचा की फुंकणाऱ्याचा, हे जाणत्यानं तीच बासरी स्वतः फुंकल्याशिवाय नीट कळत नाही. बँकेतल्या माणसाची सरांनी फुंकली. सोनाराची फुंकली. माझी ऐकली.

"बेसूर आहेस," म्हणाले.

बासरी नाही. मी.

मी चौथी नापास. सर सांगतात ते खरंच असणार, असं धरून चाललो. मोपाच्या पठारावर विमानं उतरायला लागली तसा मी तिथं सामान चढवायच्या कामाला लागलो. मोठमोठ्या लोकांच्या बॅगांना माझा हात चालतो. आत देव असोत की चड्ड्या, बॅग कधी वाडा विचारत नाही. आणि रविवारी पेडण्याला एका हॉलमध्ये हा क्लास. सर डिचोलीहून यायचे.

आता माझी अक्कल ऐका. दर रविवारी सर सगळ्यांच्या बासऱ्या तोंडाला लावायचे आणि माझ्यापाशी आले की त्यांना खोकला तरी यायचा, फोन तरी. मला वाटलं, माझ्या तोंडाला तंबाखूचा वास येत असणार. तंबाखू सोडली. लवंगा चघळायला लागलो. कामावरचे म्हणाले, "काय मरे, दाढ दुखते?" म्हटलं, "नाय, संगीत शिकतोय."

तरी सरांचा हात येईना. मग मी नवीन बासरी आणली. कोरी. प्लास्टिकसकट सरांपुढे धरली.

"सर, कोरी आहे. मी अजून तोंड लावलेलं नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ठेव त्या कदेलीवर," म्हणाले.

क्लास सुटेपर्यंत बासरी कदेलीवर बसून होती आणि मी खाली चटईवर. म्हटलं, आमच्या घरातलं कोणीतरी खुर्चीवर बसलं! मी हे मोठ्यानं बोललो. सगळे हसले. सगळ्यांच्या आधी मी हसलो. ती माझी सवयच. दुसऱ्यानं मारायच्या आधी आपणच आपल्याला मारून घ्यायचं, म्हणजे कमी लागतं.

कमी लागत नाही.

मग हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. सरांना स्टेज भरलेला दिसायला हवा होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू कडेला बस. बोटं हलव, फुंकू नको."

"सर, श्वास घेतलेला चालेल?"

सर खो खो हसले. मला वाटलं, वा, सरांना हसवलं!

आणि मी बसलो. झब्बा घालून, बासरी तोंडाला लावून, मुका. ओठांतून वारा जाऊ नये म्हणून दात दाबून धरले होते. बोटं मात्र तालात. मधेमधे डोळे मिटून मानही हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात माझ्याही वाट्याला आल्या असतील.

माझी आये आली होती. जन्मभर सुपं विणून तिची बोटं वाकडी झालीत. त्या बोटांनी तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"बाबू रे, सगळ्यांत तुझीच बासरी गोड लागत होती मरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव घेऊन आला, त्यालाही तिनं सांगितलं. तो सायकल टेकवून म्हणाला, "मगे वाजव पळया, ऐकू दे!" मी बासरी आणायला म्हणून घरात गेलो आणि मागच्या दारानं कामावर पळालो. मला कुठल्याही गोष्टीवर जोक सुचतो. त्या दिवशी सुचला नाही.

पुढे डिचोलीला बासरीचं शिबिर लागलं. शिकवायला सिंधुदुर्गातून एक बाई आल्या होत्या. आवाज घोगरा, पाठीला उशी लावून बसलेल्या. त्याही एकेकाची बासरी घेऊन फुंकून बघत होत्या. माझी पाळी जवळ आली तसा मी मनात उत्तर जुळवायला लागलो. वाडा कधी विचारतील? नावासकट सांगायचा, की 'पेडण्याचा' म्हणून सुटायचं?

त्यांनी काहीच विचारलं नाही. "वाजव," म्हणाल्या. मी वाजवलं. "दे."

मी बासरी झब्ब्याला पुसायला लागलो. पुसतोय, पुसतोय.

"अरे, भांडं आहे का ते? दे इकडे!"

आणि बाईंनी माझी बासरी तोंडाला लावली. माझी. उष्टी. ओली.

मी जमिनीकडे बघत होतो. सूर आला तेव्हा वर बघितलं. बाईंनी कपाळाला आठी घातली, परत फुंकलं.

"हिचा 'ग' चढा आहे. तो दोष हिचा. दुसऱ्या भोकाच्या वरच्या काठाला जरा मेण लाव, उतरेल. पण 'नि' पडतो, तो तुझा. ओठ किती आवळतोस? चोरी करतोस काय फुंकायची? पोटातून श्वास घे आणि सोड मोकळा. इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नाही तुला?"

"नाय बाई."

"कुणी वाजवून बघितली नाही?"

मी परत जमिनीकडे बघायला लागलो. मग बाईंनी बासरी माझ्या हातात दिली. पुसली नाही.

घरी येताना स्कूटर रस्त्याच्या कडेला लावली आणि ओरडलो. शिव्या दिल्या. आधी सरांना, मग जास्त मला. बांबूचा दोष आणि माझा दोष, दोन्हींची शिक्षा मी एकटा भोगत होतो. आणि वर लवंगा खात होतो!

सरांचा पुढचा कार्यक्रम आला. तोच हॉल. आये पुढच्या ओळीत. पडद्यामागे सर म्हणाले, "मागच्यासारखंच. बोटं हलव, फुंकू नको."

मी बासरी त्यांच्यापुढे धरली.

"सर, आधी तोंडाला लावून बघा. दोष हिचा की माझा, तेवढं सांगा. मग बसतो मुका."

"आता वेळ आहे का?"

"एक फुंक, सर."

बँकवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. सोनार म्हणाला, "सोड रे, जोक करू नको."

"आज जोक नाही."

बासरी हवेत तशीच. मी हात खाली घेतला नाही. सरांनी खिशातून रुमाल काढला. क्षणभर मला वाटलं, पुसून तरी घेतील. त्यांनी स्वतःचं कपाळ पुसलं आणि रुमाल परत खिशात घातला.

"हात खाली कर," म्हणाले. "लोक बघतायत."

पडदा उघडला. मी माझ्या जागी जाऊन बसलो आणि फुंकलं.

मोठा कलावंत निघालो असं समजू नका. 'ग' लागला, मेणानं लाज राखली. 'नि' आला तेव्हा ओठ परत आवळले आणि असा काही सूर निघाला की तबलजीनं दचकून मान वळवली. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सर डोळ्यांनी 'थांब' म्हणत होते. मी शेवटपर्यंत फुंकत राहिलो.

बाहेर आये उभी होती. तोंड एवढंसं झालेलं.

"बाबू रे, आज खंय तरी चुकलंस तू."

"होय आये. आज ऐकू आलं तुला. तो मी होतो."

सरांनी क्लासमधून काढलं. काढलं नसतं तरी मी परत जाणार नव्हतो. आता बाईंकडे जातो. हद्द ओलांडून, स्कूटरवरून. त्या शिव्या घालतात, माझीच बासरी ओढून घेतात, फुंकतात, परत देतात. 'नि' अजून पडतो. तो माझा आहे, मी बघून घेईन.

पण मुकी बासरी परत तोंडाला धरणार नाही. आणि यापुढे जो कोणी माझ्या सुरावर बोलायला येईल, त्याच्यापुढे आधी ही धरणार, उष्टी, ओली, न पुसता. तोंडाला लाव, मग बोल. लावायची नसेल तर आपला रिकामा कप उचल आणि चालता हो.