राधेश्यामच्या गाडीचा आवाज

घनसावंगीजवळच्या मळ्यात ऊस आणि कापूस करण्यात धर्मराजचा जन्म गेला. ट्रॅक्टर सोडून दुसऱ्या कुठल्या यंत्राशी त्याचं कधी घेणंदेणं नव्हतं. एकुलता एक राधेश्याम मात्र लहानपणापासून गाड्यांपायी येडा. पुण्यात नोकरीला लागला आणि त्यानं जुनी, दोनच सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेतली. तिला आपल्या पसंतीचा सायलेन्सर तिकडंच बनवून घेतला. सुट्टीला यायचा तेव्हा गाडी फाट्यावरून वळली की आवाज उसावरून घरापर्यंत यायचा. दुर्गाबाई लगेच तवा ठेवायची. धर्मराज ओट्यावरून ओरडायचा, "आरं, म्हशी बिचकून राह्यल्या! बंद कर ते!"

राधेश्याम हसायचा आणि मुद्दाम आणखी एकदा रेस करायचा.

त्याला डेंग्यू झाला. ताप अंगावर काढला आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. लग्नाचं बघत होते, तेवढ्यात पोरगा गेला. पुण्याहून आणलेली गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली. दोन पावसाळ्यांत खालचा पाइप गंजला, सायलेन्सर गळून पडला. पुतण्यानं गाडी मागितली तेव्हा धर्मराज ताटावरून उठून शेतात निघून गेला. चार दिवसांनी त्यानं गाडी टेम्पोत चढवली आणि शहागडला नेली. दुर्गाबाई म्हणाली, "मी बी येते."

शहागडला हमरस्त्यावर रायभानचं दुकान. ट्रकांचे सायलेन्सर जोडायचं त्याचं काम, पण पोरांच्या मोटरसायकलींना हवा तसा आवाज काढून देण्यातही त्याचा हात बसलेला. त्यानं दुसरी बॅटरी लावून इंजीन चालू करून पाहिलं, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काका, आवाज कसा पायजे?"

"पहिल्यासारखा."

"पहिला कसा व्हता?"

"कान फाटतील असा. तडतड."

"न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. "जाडा व्हता. पोटातून आल्यासारखा."

नवरा-बायको एकमेकांकडं पाहत राहिले. राधेश्यामच्या मोबाइलमध्ये गाडीचा एक व्हिडिओ होता. तो लावला, तर नुसता पत्रा हलल्यासारखा आवाज. रायभाननं मान हलवली. "यातून काही कळत न्हाई. आपण लावून लावूनच पाहू."

पहिल्यांदा त्यानं आवाज दाबणाऱ्या डबीशिवाय सरळ पाइप जोडला. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बाहेर आली. धर्मराज म्हणाला, "असाच व्हता." दुर्गाबाईनं कानावर हात ठेवले. मग रायभाननं जाळीची नळी आणि भोवती काचेची लोकर भरलेली डबी बसवली. आवाज खाली उतरला, घुमायला लागला. आता धर्मराजला पटेना आणि दुर्गाबाईलाही सांगता येईना.

"मी जवळून कधी ऐकलाच न्हाई," ती म्हणाली. "मी घरात असायची. गाडी तिकडं फाट्यावर."

रायभान समजला. "मावशी, तुम्ही हितंच थांबा. मी पुलावरून वळवून आणतो."

गाडी गेली. दुर्गाबाई कडेला, रस्त्याकडं पाठ करून उभी राहिली. ट्रक जात होते, धूळ उडत होती. बऱ्याच वेळानं गोदावरीच्या बाजूनं तो आवाज आला. आधी बारीक, मग भरत भरत. धर्मराज तिच्याकडंच पाहत होता. तिनं पदर सावरला, चटकन वळली आणि चार पावलं रस्त्याकडं गेली. तोंडावर हसू आलं होतं. पोरगा गेल्यापासून धर्मराजनं ते पाहिलं नव्हतं.

गाडी येऊन थांबली. दार उघडून रायभान उतरला.

दुर्गाबाई तिथंच खाली बसली. धर्मराजनं तिला धरून बाकड्यावर आणलं, पाणी दिलं. रायभान कावराबावरा होऊन उभा. धर्मराजनं हळूच विचारलं, "हा न्हाई का?"

"हाच हाय," ती म्हणाली. "बिलकुल हाच. म्हणून म्हणते, नका बसवू. रोज तो येईल आणि रोज दुसरंच कुणी उतरंल."

धर्मराजनं चष्मा काढला, सदऱ्यानं पुसत बसला. मग रायभानला म्हणाला, "बाबा, तुझ्याकडचा सगळ्यात मुका सायलेन्सर लाव."

रायभाननं आतून कप्पे असलेली मोठी डबी बसवली. गाडी चालू आहे का बंद, हे हात लावल्याशिवाय कळेना.

परतीला धर्मराजनंच गाडी चालवली, ट्रॅक्टरसारखी, दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून. दुर्गाबाई बाजूला. पोराच्या गाडीत ती पहिल्यांदाच बसली होती. तो असताना "लोक काय म्हणतील" म्हणून कधी बसली नव्हती. फाटा आला, गाडी वळली, उसामधून घराकडं गेली. अंगणात गाडी लागली तरी म्हशींनी मान वर केली नाही.

"उतर," धर्मराज म्हणाला.

"बसू द्या थोडं."

त्यानं इंजीन बंद केलं आणि तोही बसून राहिला.