विहीणबाईंचे पाय

माझ्या तळपायांना लहानपणापासून भयंकर गुदगुल्या होतात. पैंजण घालायला आलेल्या सोनाराला मी लाथ मारली होती, असं आई सांगायची. आता वयाची साठी उलटली, शाळेतली नोकरी संपली, केस पांढरे झाले, पण तळपायांना काही अक्कल आली नाही.

मुलाच्या लग्नात त्यांनी माझा घात केला, तोही सुनेच्या माहेरी पांढुर्ण्यात, भर मांडवात. आमच्याकडे मुलीच्या आईनं वरमाईचे पाय धुवायचे असतात. मी नको नको म्हणत होते, पण मावश्या-काकूंनी मला धरून खुर्चीवर बसवलं. विहीणबाई समोर पाटावर बसल्या, माझे पाय पितळी परातीत घेतले, कोमट पाणी घातलं आणि अंगठ्यानं तळवा चोळला. मी फिसकन हसले. ओठ चावून धरला, तर हसू नाकातून बाहेर आलं. सगळा मांडव गप्प झाला. विहीणबाईंनी मान वर केली नाही. पाय पुसले, कुंकू लावलं आणि उठून गेल्या.

त्यांना वाटलं, शेतातली बाई पायाशी बसली म्हणून मास्तरीणबाई हसली. मी सुनेकडून खरं काय ते सांगवून पाहिलं. सुनेला पटलं, तिच्या आईला मात्र ती सारवासारव वाटली. तेव्हापासून त्या माझ्याशी एका शब्दानंही वाकडं वागल्या नाहीत, हीच तर पंचाईत. मी गेले की त्या पदर सावरून उभ्या. मी जेवल्याशिवाय त्या जेवणार नाहीत. निघताना ओटी, नारळ, ब्लाउजपीस ठरलेलं. त्या मानपानात जीव नुसता गुदमरायचा.

एकदा मी न सांगता त्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात गेले. पाहते तर विहीणबाई पोट पुढं काढून, हात मागं बांधून झाडांमधून चालल्या होत्या. बगीचा बघायला आलेल्या व्यापाऱ्याची नक्कल चालली होती. एक संत्रं दाबायचं, तोंड कडू करायचं, "माल बारीक हाये" म्हणायचं आणि दुसरं हळूच खिशात टाकायचं. कामाच्या बाया पोट धरून हसत होत्या. मीही झाडाआड हसत होते. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. झटक्यात पोट आत गेलं, डोक्यावर पदर आला आणि माझ्यासाठी खुर्ची आली.

परतताना बसमध्ये मी फार चिडले होते. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी एकेक करून लेकांकडे नागपूरला निघून गेल्या होत्या. घरात नवरा आहे, भला माणूस आहे, पण त्याला विनोद सांगितला की तो विचारतो, मग पुढे काय झालं? मला मैत्रीण हवी होती. आणि आता तर हीच हवी होती. इतकी गमतीची बाई नुसती विहीण म्हणून वाया चालली होती.

म्हणून मी फोन करून म्हटलं, शनिवारी आमच्या सौंसरहून जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीला पायी जाऊ. देवाचं काम, शिवाय वरमाईचा शब्द, नाही म्हणायची सोयच नव्हती. त्या सकाळच्या बसनं आल्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, पिशवीत नारळ आणि पायांत कोऱ्या चपला. विहिणीबरोबर जायचं तर जुन्या चपला कशा चालतील?

रस्ताभर त्या माझ्या मागे दोन पावलं. मी हळू झाले की त्या आणखी हळू. मी थांबले की त्याही थांबून शेतातला कापूस बघायच्या. असंच चाललं असतं तर आम्ही उलट्या सौंसरलाच पोचलो असतो. देवळाजवळ येईतो त्या लंगडायला लागल्या. कोऱ्या चपलांनी टाच सोलून काढली होती.

नळापाशी मी त्यांना ओट्यावर बसवलं, चपला काढल्या आणि त्यांचा पाय हातात घेतला. त्या ओढून घेऊ लागल्या.

"इहीनबाई, पाप लावता का मले?"

मी ऐकलं नाही. तांब्याभर पाणी घातलं आणि चिकटलेली माती काढायला तळवा चोळला. विहीणबाई फिसकन हसल्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी मुद्दाम आणखी चोळलं. मग त्या अशा हसत सुटल्या, की रांगेतली माणसं वळून बघू लागली. आतल्या झोपलेल्या मारुतीनंही बहुधा कूस बदलली असेल. हसता हसता त्या एकदम थांबल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"म्हंजे त्या दिशी तुमाले गुदगुल्या होऊन राहिल्या होत्या?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्या उठल्या, ओल्या पायांनी ताठ उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर नीट लावला आणि ओठ चावून, नाक फुगवून, डोळे वटारून मांडवातली मी करून दाखवली. हुबेहूब. अशी नक्कल यायला तो क्षण त्यांनी मनात किती वेळा आठवला असेल, हे जाणवून मला वाईट वाटलं. पण हसू काही थांबेना. दर्शन घेतानाही आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

परतीला चपला पिशवीत घालून त्या माझ्या बाजूनं, कधी माझ्याही पुढं, रिक्षापर्यंत चालल्या.

पुढच्या शनिवारी दारात पाहते तर विहीणबाई, हात हलवत आलेल्या. नारळ नाही, ब्लाउजपीस नाही, पायांत झिजलेल्या चपला. आत आल्या, दिवाणावर पाय वर घेऊन ऐसपैस बसल्या.

"चहा मांड वो," त्या म्हणाल्या. "त्या व्यापाऱ्याचं पुढचं सांगतो तुले."

मी स्वयंपाकघरात गेले, थोडं रडले आणि चहात साखर जरा जास्तच टाकली.