बरणी नंबर अठ्ठावीस

एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष मी साप चिरण्यात घालवलं. साप म्हणजे वाळा. कुंडीखाली, शेणखतात, न्हाणीच्या ओलीत राहणारा, गांडूळ समजून लोक ज्याला झाडूने लोटून देतात तो वीतभर आंधळा जीव. जुन्या पुस्तकात त्याचा जीनस, म्हणजे वर्गीकरणातली प्रजाती, एक होता, नव्या शोधनिबंधात दुसराच. निकाल लागणार होता नराच्या शेपटीतल्या अवयवावरून. नर मिळाला तर माझा प्रबंध पुरा, नाहीतर वर्ष वाया.

सत्तावीस वाळे चिरले. साऱ्या माद्या!

"हात साफ नाही तुमचा," माझे गाईड सर म्हणाले. "नर नाही असा साप असतो होय?"

मला कुठेच चैन पडेना. बसल्या जागी पाय हलायचे. शेजाऱ्यांच्या कुंड्या न विचारता उचलायचे, शिव्या खायचे. आईबरोबर रामटेकला गेले तर दर्शन सोडून पायथ्याशीच कुणाचं तरी शेणखत उपसत बसले.

"काहून वं, उकिरडा काहून उपसून राहिली?" आई ओरडली. मग हसू दाबत म्हणाली, "भेटला का नर? मलेही तुझ्यासाठी भेटून नाही राहिला."

मला हसू आलं नाही. सबमिशनला चार दिवस उरले होते. अठ्ठाविसाव्याच्या शेपटीत माझी सुई घसरली, आतलं सगळं फाटलं, काही म्हणजे काही दिसेना. मी त्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'नर'.

"बघा, शोधलं की सापडतं," सर खूश झाले. मला फर्स्ट क्लास मिळाला, पुढे त्याच कॉलेजात नोकरीही.

काही वर्षांनी लायब्ररीत एक लेख हाती आला. या वाळ्यात नर आढळतच नाही, मादी एकटीच अंडी घालते. सत्तावीस वेळा माझ्या हातांनी खरं तेच दाखवलं होतं. माझाच माझ्या हातांवर विश्वास नव्हता. लाज इतकी वाटली, की कुणाला काही बोलले नाही.

मग एका दुपारी माझी विद्यार्थिनी चिरलेल्या वाळ्यांचा ट्रे घेऊन समोर उभी राहिली. डोळे रडून लाल झालेले.

"मॅडम, साऱ्या माद्याच निघून राहिल्या. त्या अठ्ठावीस नंबरच्या बरणीत तर नर आहे ना? मग माझंच चुकून राहिलं का?"

मी कपाट उघडलं, बरणी तिच्या हातात दिली.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. "ही चिठ्ठी मी लिहिली. खोटी आहे."