मुलीसाठी केलेला अनुवाद

नव्वदच्या दशकात आखातातल्या ऊद मेथा भागात मुलींचा डान्स क्लास सुटेपर्यंत आम्ही दोघी आया बाहेर बाकावर बसायचो. ती बार्सिलोनाकडची. तिच्या कातालान भाषेतल्या, मांडीवरच्या कादंबरीचं इंग्रजी करायची. वाक्य जमलं की पेन्सिल केसांत खोचायची. नाव मी कधी विचारलंच नाही.

"कुणी छापणार आहे?" मी एकदा विचारलं.

"छे! लेकीला कातालान वाचता येत नाही. मी बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते."

"माझीही तशीच," मी म्हणाले.

एका संध्याकाळी ती डोळे पुसत हसत होती. लेकीनं पहिलं प्रकरण वाचून विचारलं होतं, "हे आपल्या भाषेत कसं म्हणतात?"

क्लास सुटल्यावर तिनं लेकीला शेजारी बसवून मूळ पान वाचायला घेतलं. "यल्ला, चल ना मम्मी," माझी मुलगी हात ओढत होती. मला मात्र उठवेना.