खेकड्यावर घातलेला आळ

फजिती साठवायला फडताळ लागत नाही, आपोआप थर बसत जातात. बोर्लीच्या बाजारात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे चार माणसं चहाला टेकली की कुणीतरी म्हणतंच, "आक्का, तो डब्याचा किस्सा सांगा ना!" मी सांगते. आपली फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी, निदान मिरची बेताने पडते.

आधी डबा म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे खाडीला बांध आणि बांधाला उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी अडवायचं. झडपेत ओंडका अडकला की खारं पाणी आत, आणि मग त्या जमिनीत दोन-तीन वर्षं धड भात नाही! उघाडीला लागून पहिलं शेत सुशीलाचं, माझ्या शेजारणीचं. तिला तेवढंच शेत. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला ती भाकरी बांधून उघाडीवर राखणीला बसायची. गुडघे गेले तरी बसायची.

म्हणून मी ठरवलं, पाणी आत शिरलं की भोंगा वाजवणारा डबा करायचा. आत पत्त्यांच्या जोडाएवढा बोर्ड, आणि त्याचं कर्नेल मी स्वतः बांधणार! कर्नेल म्हणजे यंत्राच्या आतला मुकादम. तो उठला नाही तर कुणीच कामाला लागत नाही. सातवीत शाळा सुटलेली बाई हे पुस्तकं चाळून करते म्हटल्यावर माझी मान जरा जास्तच ताठ झाली होती.

*

बोर्ड आला. मुकादम उठताना काय बोलतो ते पडद्यावर दिसावं म्हणून वायरी जोडल्या. तीन दिवस पडदा कोरा!

चौथ्या दिवशी विकणाऱ्याला फोन लावला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा झाडला. "मेलेला माल पाठवता? म्हातारी दिसली म्हणून?"

तो शांतपणे म्हणाला, "आजी, बोलायची वायर बोलायच्याच पिनेला लावलीत वाटतं. दोघंही बोलतायत, ऐकत कुणीच नाही."

"मला शिकवू नका!" म्हणून मी फोन आपटला. मग दार लोटून घेतलं आणि गुपचूप वायरींची अदलाबदल केली. पडदाभर अक्षरं धावली!

त्याला परत फोन करायला हवा होता. अजून केलेला नाही.

*

कर्नेल बांधताना कुठकुठली उपकरणं त्याला ओळखता यावीत याची एक लांबलचक यादी पुढे येते. हे ठेवायचं का, ते काढायचं का? मी दिवाळीच्या साफसफाईसारखी सुटले. व्हिडिओ गेम खेळायची दांडी? काढ! फोटोचा कॅमेरा? काढ!

माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून रफीकभाईचं होड्यांच्या इंजिनांचं गॅरेज. तो म्हणाला, "आक्का, जरा बेतानं."

"तुम्ही तुमची इंजिनं सांभाळा!"

बटण दाबलं. "कर्नेल पॅनिक" असं लिहून मुकादम आडवा! दोन दिवसांनी कळलं. ज्या मेमरी कार्डावर सगळा संसार मांडला होता, ते कार्ड वाचायची सोयच मी काढून टाकली होती.

रफीकभाई म्हणाला, "म्हंजे होडीला रंग दिलात नि सुकाणू भंगारात घातलंत!"

त्या दिवशीचा चहा मी पाजला.

*

माझ्या जुन्या कॉम्प्युटरला कर्नेल बांधायला पाच तास लागतात. एकदा सुशीला घरी आली, म्हणाली, "आज तुझ्याकडं कालवण करते. खोबरं वाटू दे."

"मिक्सर लावायचा नाही! फ्यूज उडाला तर माझं कर्नेल जाईल."

बिचारी पाट्यावर बसली. त्या गुडघ्यांनी! मी खुर्चीत. पाच तास होता होता कॉम्प्युटरने काम टाकलं. मी लिहिलेल्या एका ओळीत कंस बंद करायला विसरले होते.

सुशीलाने ताट वाढलं आणि म्हणाली, "माझं वाटण तरी झालं बाय."

*

शेवटी डबा उभा राहिला. चार सेकंदांत जागा! बॅटरी वाचावी म्हणून तो झोपून राहायचा. आत भरतीचं वेळापत्रक घातलेलं, भरती आली की उठायचं, पाणी बघायचं. एका उधाणाला खरंच ओंडका अडकला, भोंगा वाजला, सुशीलाने धावत जाऊन काढला. मी तिला सांगून टाकलं, "आता राखण बंद. घरी बस."

"नक्की ना गं?"

"माझ्यावर विश्वास न्हाय?"

ती घरी बसली.

पुढच्या अमावास्येच्या आदल्या दिवशी माणगावहून एक पाहुणे डबा बघायला आले. मला राहवेना! मी डब्याची बॅटरीची वायर उपटली, परत लावली. "मोजा! एक, दोन, तीन, चार! उठला की नाही?" त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी उधाण आलं आणि झडपेत पुन्हा ओंडका अडकला. भोंगा गप्प. सुशीला गवताला गेली तर पोटरीला आलेल्या, लोंब्या फुटायच्या बेतातल्या भातात बोयटी मासे उड्या मारत होते.

बोर्डावर घड्याळ होतं, पण ते वाचणारा भाग मी साफसफाईत काढला होता. वायर उपटल्यावर डब्याला वाटलं, आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर; तारीख हरवली की ही यंत्रं तिथूनच मोजायला लागतात. पुढची भरती पन्नासेक वर्षांनी आहे असं धरून तो निवांत झोपला!

सुशीलाची खालची चार खाचरं गेली.

आणि मी काय सांगितलं? "खेकड्याने वायर खाल्ली."

*

तिसऱ्या दिवशी बांधावर गेले, तर सुशीला वाकून खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवत होती. दोन दिवस तेच चाललं होतं म्हणे.

मी तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसले.

"सुशीला, खेकडा नव्हता गं. मीच वायर काढली होती. मिरवायला."

चिखल थापता थापता ती म्हणाली, "ठाव हाय मला."

"कसं?"

"खेकड्यानं खाल्ली असती तर तू त्याला धरून आणला असतास. बाजारभर दाखवला असतास!"

"मग बिळं कशाला बुजवतेस?"

"बिळं तर हायतच ना!"

पुनवेच्या उधाणाला घड्याळ नीट केलेला डबा घेऊन मी उघाडीवर गेले. ती आधीच भाकरी बांधून येऊन बसली होती. मी शेजारी टेकले. तिने माझ्या हातातून डबा काढून घेतला, मांडीवर ठेवला, वरून पदर घातला.

"ह्याला मी बघते," ती म्हणाली. "तू पाण्याकडं बघ."