हाकलल्याचा म्हैसूरपाक

जे. पी. नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्का तुरुंगातल्या बायकांच्या समुपदेशक आहेत. विचारल्याशिवाय त्या काहीच करत नाहीत. लिफ्टमध्ये शिरताना "येऊ का?", आमच्या सोफ्यापाशी "बसू का?"

"बसा की अक्का, तिकीट नाही लावलेलं," माझी बायको म्हणते.

काल त्या जिन्यावरून अक्षरशः नाचत उतरल्या. हातात म्हैसूरपाकाचा डबा.

"आज एकीनं मला हाकललं."

बलात्कार सोसलेली ती बाई तुरुंगात आल्यापासून कुणाशीच बोलत नव्हती. नाव अक्कांनी सांगितलं नाही. दर खेपेला त्या दाराशी "बसू का?" विचारत आणि उत्तर आलं नाही की आत न जाता परतत. काल ती कन्नडमध्ये म्हणाली, "बेडा. नको. जा."

"मग?"

"निघाले लगेच."

"माझ्या हिशेबात काम शून्य," मी म्हणालो.

"अहो, तिचं 'नको' आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. मी ऐकलं. वळले, तर मागून म्हणते, बुधवारी येऊन परत विचार."

एवढं बोलून अक्का समोरच्या बिऱ्हाडाला, कारण न सांगता, नुसताच म्हैसूरपाक द्यायला पळाल्या.