भाऊ लागतो

"कडी आतून लागती का, भाऊ?"

आमची वरची खोली बघायला आलेल्या मावशींचा हा पहिला प्रश्न. लोक आधी पाणी विचारतात, मग भाडं. या आत गेल्या, कडी घातली आणि आतूनच ओरडल्या, "आता ढकला!" मी ढकललं. "जोरात! जेवला न्हाई का?" मी खांदा लावला तशी कडी निखळली.

"लांब स्क्रू मारा," त्या म्हणाल्या. "मग माझ्या भाचीला आणते."

घरात मारहाण सोसून बाहेर पडलेल्या बायकांना आसरा शोधून देणाऱ्या संस्थेत त्या काम करत. राहायला लातूरला, पण नांदेडच्या आमच्या भागात निम्म्या घरमालकांना ओळखत. एकट्या बाईला खोली द्यायला लोक कचरतात, म्हणून प्रत्येक बाई त्यांची भाची. एक उर्दू बोलणारी, एक कंधारची, आमच्याकडे आलेली देगलूरची, घाबरली की तेलुगूत पुटपुटणारी. मला हिशेब जुळला नाही की चैन पडत नाही.

"मावशी, तुम्हाला बहिणी तरी किती?"

"लई! तुम्ही मोजत बसा, मी चहा घेते."

एका दुपारी देगलूरच्या भाचीचा नवरा दोघांना घेऊन फाटकाशी आला. "वर कोण राहतं?"

वरची कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. मी सहसा खोटं बोलत नाही.

"माझी भाची."

"कुठली भाची?"

"बहिणीची. भाची आणखी कुणाची असते?"

शेजारीपाजारी ओट्यावर आले, तसे ते तिघे गेले. मी लगेच मावशींना फोन केला. भाची सुखरूप आहे कळल्यावर त्या हसल्या. "भाऊ, तुम्ही बी खोटं बोलून राहिले?"

"खोटं कसं? तुम्ही मला भाऊ म्हणता. तुमची भाची ती माझी भाची. हिशेब बरोबर आहे."

फोनवरचं त्यांचं हसू थांबलं. नंतर म्हणाल्या, "हाव. बरोबर हाय."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. भाची आणि मी मिळेल त्या बसने लातूर गाठलं. अंगण बायकांनी भरलं होतं. एका म्हातारीने विचारलं, "माहेरचं लुगडं कुणी आणलं?" शेवटचं लुगडं माहेरच्यांनी नेसवायचं असतं.

"कोण आणणार? एकुलती होती ती. ना भाऊ, ना बहीण," दुसरी म्हणाली.

बहीण नाही, म्हणजे भाची नाही. माझा हिशेब तिथेच मोडला. इतके दिवस मला काका म्हणणारी भाची हळूच म्हणाली, "मामा, उठा."

मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.

"कुणासाठी बघताय?"

"बहिणीसाठी."

दुकानदाराने हौसेने हिरवं, मोठ्या काठाचं लुगडं उलगडलं. "घ्या, ताई खूश होतील."

मी तेच घेतलं.